श्रावणातली अंडी आणि चांदीचा रुपया

श्रावण लागला आणि घरात कुणी अंड्यांचा विषय काढला की ती केस माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. त्यात खून नाही, दरोडा नाही. तरी पाहुणे आले की बायको मला हीच गोष्ट सांगायला लावते. त्यातली माणसं हयात आहेत, म्हणून खरी नावं सांगत नाही. एकाला मास्तर म्हणतो, दुसऱ्याला तात्या.

मी तेव्हा गिरगाव भागातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तोच ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना आत पाठवलं. निवृत्त शाळामास्तर, जुन्या नाण्यांचा नाद असलेले. त्यांनी रुमालातून एक चांदीचा रुपया काढून टेबलावर ठेवला. राणीच्या काळातला, आणि त्यावर सोनेरी, जांभळी, निळी झाक, मोराच्या मानेसारखी. देखणा होता, खोटं कशाला बोलू.

"रुपया खरा आहे साहेब, रंग खोटा आहे," मास्तर म्हणाले.

मी वैतागलोच. गणपती तोंडावर आलेले, बंदोबस्ताच्या बैठका चाललेल्या, आणि हे रंगाची तक्रार घेऊन आलेले! पण मास्तरांनी वर्गात शिकवावं तसं शांतपणे समजावलं. चांदीचं नाणं कागदात किंवा पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलं की हवेने त्याच्यावर असा रंग चढतो. नाणं कुणी घासलं नाही, हाताळलं नाही, याची ती खूण. म्हणून शौकीन लोक अशा रुपयाला साध्या रुपयापेक्षा कितीतरी जास्त किंमत देतात. विकणाऱ्याने श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात घरी येऊन सांगितलं होतं, आजीच्या पेटीत तिच्या लग्नापासून पडून होता. पुढे एका जाणकाराने भिंग लावून दाखवलं, की नाणं कधीतरी चांगलं घासलेलं आहे आणि हा रंग त्या घासल्याच्या रेघांवर बसलेला आहे. म्हणजे रंग कालपरवाचा.

"पैसे गेल्याचं एवढं नाही," मास्तर म्हणाले. "रोज पूजा झाली की मी तो रुपया काढून बघायचो. कुण्या बाईने जन्मभर जपलाय म्हणून बघायचो. आता बघवत नाही."

हे ऐकून मी तक्रार अर्ज घेतला. विकणारा लालबागचा. आमचे एक हवालदार तिकडेच वाढलेले, त्यांना साध्या वेशात चौकशीला पाठवलं. परत आले ते हसतच.

"साहेब, माणूस एकदम सरळ आहे. तात्या म्हणतात. बायको वारली, एकटाच राहतो. जन्मभर सराफाकडे चांदीला पॉलिश केलं. मंडळाच्या गणपतीची सगळी चांदी, मुकुटापासून पावलांपर्यंत, दरवर्षी हाच उजळतो. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पितो. भानगड एकच. श्रावणात अंडी घेतो. अंडीवाला सांगत होता, सगळी चाळ बंद असते, तात्या तेवढे येतात."

मी स्वतः परळच्या चाळीत वाढलो. आमच्याकडे श्रावण लागला की मासळी, मटण, अंडं सगळं बंद, ते गणपती जाईपर्यंत. चोरून खाणारे असतात, पण तेही कोपऱ्यावरच्या दुकानात जात नाहीत. कुजबुज मंडळापर्यंत पोहोचली होती. श्रावणात अंडी खाणाऱ्याने बाप्पाच्या मुकुटाला हात लावावा का, हे ठरवायला त्याच आठवड्यात कार्यकारिणी बसणार होती.

तात्यांना जबाबासाठी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. खुर्ची दिली, चहा मागवला. आजीच्या पेटीची गोष्ट त्यांनी मला न अडखळता सांगितली. थोड्या वेळाने पुन्हा विचारली, तर त्याच शब्दांत सांगितली. खरी आठवण सांगणारा माणूस मध्येच अडतो, काहीतरी दुरुस्त करतो. पाठ केलेली गोष्ट मात्र अडत नाही. पण एवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही, आणि माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. म्हटलं, जरा चेष्टा करून बघावी.

"ते राहू द्या, तात्या. श्रावणात अंडी हाणता म्हणे?"

त्यांचा चेहरा उतरला. "कोण बोललं?"

"अख्खी चाळ बोलते."

"नाय साहेब! बाप्पाशपथ नाय. आमच्या घरात श्रावण कधी मोडला नाय."

"मग एकट्या माणसाच्या घरात अंडी जातात कुठे?"

तात्या माझ्या पट्ट्याच्या बक्कलाकडे बघत बसले, चहा गार होईपर्यंत. अंडी खाल्ली म्हणावं तर बाप्पाची चांदी हातची जाणार, आणि नाही म्हणावं तर अंड्यांचं काय केलं ते सांगावं लागणार. शेवटी त्यांनी हात जोडले.

"साहेब, चारसोबीस लिवा, आत टाका. पण तात्याने श्रावणात अंडं खाल्लं असं लिवू नका."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. उकडलेलं अंडं गरम असतानाच फोडून डब्यात ठेवायचं, वर जाळीवर नाणं, झाकण घट्ट. अंड्याच्या वाफेने चांदीवर आधी सोनेरी रंग येतो, मग जांभळा, मग निळा. वेळेवर काढलं नाही तर नाणं काळं पडतं. सांगता सांगता त्यांची भीती कुठल्या कुठे गेली, हात हवेत डबा उघडू लागले. कबुलीजबाब देताना इतका खुललेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"बायका दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाचे रुपये टूथपेस्टने घासतात," ते म्हणाले. "हा रुपयाही तसाच घासलेला, त्याचा गेलेला रंग मी परत दिला. पैंजणाला असाच रंग देतो, तेव्हा गिऱ्हाईक खूश. रुपयाला दिला तर गुन्हा?"

"पैंजण घेणारीला माहीत असतं, रंग तुम्ही दिलाय. मास्तरांना तुम्ही आजी विकलीत," मी म्हणालो.

बाहेर बाकावर बसवलेल्या मास्तरांना आत बोलावलं. तात्यांनी खाली मान घालून अंड्यांचं सगळं सांगितलं, माफी मागितली, पैसे परत करायचं कबूल केलं. मास्तरांनी रुपया उजेडात धरून पाहिला, आणि विचारलं, "निळा आला, आता काढायचं, हे झाकणाबाहेरून कळतं कसं?" मला हसू आवरेना. मास्तरांनी तक्रार मागे घेत असल्याचा जबाब दिला, रुपया मात्र ठेवून घेतला. मी अर्ज निकाली काढला. पण तात्या उठेनात. मंडळात काय सांगायचं?

"मी येतो," मास्तर म्हणाले.

मीही साध्या कपड्यांत गेलो. कार्यकारिणीपुढे मास्तरांनी तो रुपया ठेवला. "अंडी यांनी खाल्ली नाहीत. ती या रुपयावर आहेत. फसलेला माणूस मीच, माझा तरी विश्वास ठेवा." हशा पिकला. फक्त मंडळाचे अध्यक्ष हसले नाहीत. ते तात्यांच्याच वयाचे, बालपणीचे दोस्त.

"तात्या, खाल्ली असतीस तरी बाप्पाने माफ केलं असतं रे," ते म्हणाले. "पण माणसाला फसवलंस ना तू."

त्या वर्षी मुकुट दुसऱ्याने उजळला. तात्या लाइनीत उभे राहून दर्शन घेऊन आले. मला फार वाईट वाटलं, आणि निर्णय बरोबर होता असंही वाटलं. पुढच्या वर्षी अध्यक्ष स्वतः चांदीची पेटी घेऊन त्यांच्या दारात गेले.

मी निवृत्त झाल्यावर मास्तरांनी एकदा नाण्यांच्या प्रदर्शनाला बोलावलं. गिरगावातला छोटासा हॉल. एका काचेपुढे तात्या चष्मा पुसत उभे होते. आत तोच रुपया, खाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: नाणे जुने. रंग नवा, लालबागच्या कारागिराने दिलेला. शेजारी तात्यांचं खरं नाव.

खोटं बोलणारा नेहमी समोरच्याचं काहीतरी घेतो, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. तो स्वतःचंही काही घालवतो, हे मला त्या काचेपुढे समजलं. तात्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझा हात धरला.

"साहेब, जन्मभर चांदी चमकवली. ह्ये काम माझं, असं आजपर्यंत कुणी लिवलं नव्हतं."