कोरड्या कपाळाची शाबासकी

धुलाई कारखान्यातल्या इस्त्रीखोलीचा मुकादम मूळचा बॉयलरवाला. वीस वर्षं त्यानं बॉयलरच्या काचनळीवर अशी नजर ठेवली, की आतलं पाणी बोटभर उतरलं तरी हा पाणी सोडायला धावायचा. पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि मालकानं त्याला खुर्ची दिली. आता खुर्ची मिळाली की माणसाला नियम सुचतात. याला सुचला तो असा: इस्त्रीखोलीत पाण्याची बाटली आणायची नाही. कधीतरी कुणाचं पाणी सांडून चादरींचा अख्खा गठ्ठा परत धुवावा लागला होता, त्याचा हा राग.

कपड्यावर घाम ठिबकला तरी तो खवळायचा. बायका म्हणायच्या, "मुकादम, घामाला काय नळासारखी चावी असते होय?"

"असते! मावशींना विचारा."

मावशी म्हणजे खोलीतली सगळ्यांत जुनी इस्त्रीवाली, मुकादमाचा शब्द खाली पडू न देणारी, सुट्टी होईपर्यंत पाण्याला न शिवणारी. त्या दिवशी वाफेनं खोलीची भट्टी झाली होती. बाकीच्या निथळत होत्या, मावशींचं तोंड लालबुंद, पण कपाळ कोरडं ठणठणीत. मुकादम खूश. "बघा, याला म्हणतात काम!"

मावशींनी एकाच अभ्र्याची चार वेळा घडी घातली आणि मोडली. "धाकटी शाळेतून आली का?" असं विचारलं. धाकटीच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. कुणी काही बोलायच्या आत त्या चादरींच्या ढिगावर कोसळल्या.

दवाखान्यात सिस्टरनं ओल्या फडक्यांनी त्यांचं अंग गार करत विचारलं, "घाम कधी थांबला?"

"दुपारपासनं नव्हता," मुकादम म्हणाला.

"आणि तुम्ही बघत बसलात? अहो, अंगातली आग घामावाटे बाहेर पडते. पाणी आटायला लागलं की शरीर काटकसर करतं, आधी लघवी आखडतं. शेवटी घामही थांबतो आणि मग ताप चढतच जातो. काम काय करता तुम्ही?"

"बॉयलरवर होतो."

"मग तुम्हाला मी काय शिकवणार!"

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. लोखंडाची तहान ज्याला कळत होती, त्यानं आटत चाललेल्या बाईला शाबासकी दिली होती.

खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी रिकामी होती. "मूत्रपिंडं चालू झाली, तर जिंकलो," सिस्टर म्हणाली. सलाईन चढत होतं. मुकादम स्टुलावर बसून त्या पिशवीकडे काचनळीकडे बघावं तसा बघत राहिला. दिवेलागणीला नळीतून पिवळी रेघ उतरली.

"आली! आली!" तो ओरडला. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

मावशींनी डोळे किलकिले केले. "मुकादम, चादरी चुरगळल्या का हो माझ्यानं?"



दुसऱ्या दिवशी इस्त्रीखोलीच्या मधोमध त्यानं स्वतः पाण्याचं पिंप आणून ठेवलं आणि भरलेला पेला घेऊन प्रत्येकीपुढे उभा राहिला.

"आणि सांडलं म्हणजे, मुकादम?" एकीनं टोमणा मारलाच.

"सांडू दे," तो म्हणाला. मान काही वर झाली नाही.