कापड्याच्या मंडपातली पेटी

तुमचे बाबा ही हकिगत गंमत म्हणून सांगतात, हे मला परवा फोनवर कळलं. आजी गावोगाव गोष्टींचे कार्यक्रम करायची, एकदा कोणी रुसलं आणि सगळे जमिनीवर बसले, असं काहीतरी. तुम्ही हसलातही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मला अजून राग येतो, म्हणून क्रमाने लिहिते.

महाडच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पोलादपूरला दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला जात असे. परतीची एसटी कधी वेळेवर नसायची. स्टँडवरच्या एका बाकावर आम्ही तिघं अडकून पडायचो. एक कुडपण गावची, माझ्याहून बरीच लहान, डोंगरावरून तूप विकायला खाली येणारी. दुसरे दासगावच्या बौद्धवाडीतले, पंचायत समितीत क्लार्क. ऑफिस सुटल्यावर ते पोलादपूरच्या वाडीतल्या मुलांना पेटी शिकवत, म्हणून हातात पेटी असायची.

वेळ जावा म्हणून कुडपणची गोष्ट सांगायची. पण दर दोन वाक्यांनी ऐकणाऱ्याने हुंकार द्यायला हवा, नाहीतर ती तिथेच थांबायची. त्यांच्याकडे रीतच तशी. एकदा मी पेपर तपासण्यात गुंतले आणि 'हूं' म्हणायला विसरले. ती थांबली. तेव्हा क्लार्कभाऊंनी पेटीचा एक सूर दाबला. ती खुदकन हसली. म्हणाली, "ही बरी हाय. बाईंपरीस हिचं ध्यान हाय."

तिथून पुढे हुंकार पेटीच देऊ लागली. दुःखाच्या जागी खालचा सूर, घाट चढताना दोन उडते सूर. तिची भातलावणीच्या वेळची गाणी, क्लार्कभाऊंच्या चाली, आणि कशानंतर काय हे ठरवायला मी. बघता बघता तासाभराचा कार्यक्रम झाला. शाळांत केला, बायकांच्या मेळाव्यांत केला.

गोष्ट साधी होती. डोंगरावर दिलेली एक मुलगी रोज कड्यावर उभी राहून खालच्या माहेराला हाक मारते. शेवटी एक दिवस खालून तिची आई ओ देते. ती ओ पेटीतून यायची, लांब आणि वरच्या सुरात, आणि बायका डोळे पुसायच्या.

कुडपणचीचं माहेर खाली कापडे गावात. लग्नानंतर तिला तिथे मानाने कोणी बोलावलं नव्हतं. सणाला गेली तरी भांडी घासून परत यायची. त्यामुळे कापड्याच्या उत्सवात कार्यक्रम करायचं बोलावणं आलं, तेव्हा तिने तुपाचा डबा बाकावर ठेवला. मग म्हणाली, आये पुढं बसंल, मी सांगन. तिचा भाऊ उत्सव भरवणाऱ्या, गावच्या मुंबईकरांच्या मंडळात होता. बोलावणं त्याचंच.

आम्ही दुपारी पोचलो. महाप्रसाद उरकला होता. भाऊ मला बाजूला घेऊन अतिशय गोड बोलला. पेटीवाल्यांचा आपण सत्कार करू, पुढच्या रांगेत खुर्ची देऊ, शाल-श्रीफळ देऊ. वाजवायला मात्र गावच्या भजनातला माणूस बसेल.

मी विचारलं, का?

"देवळाचा सभामंडप हाय ना, मॅडम. आमचं काय नाय, आम्ही मुंबईत सगळ्यांबरोबर जेवतो. जुनी माणसं हायत. थोडं ॲडजस्ट करा."

महाडच्या तळ्याचा सत्याग्रह होऊन सत्तर वर्षं उलटली होती. ते तळं तिथून एसटीने तासाभरावर. आणि हा शर्टाला बिल्ला लावलेला माणूस मला ॲडजस्ट करायला सांगत होता. शिवी दिली असती तर मी शिवीला उत्तर दिलं असतं. तो गोडवा मला आजही सहन होत नाही. मी आवाज चढवून म्हटलं, आम्ही निघालो.

क्लार्कभाऊंनी सगळं ऐकलं होतं. ते पेटीचा पट्टा बांधत म्हणाले की कुडपणच्या ताईंचं माहेर आहे, त्यांनी ठरवावं.

कुडपणची मंडपाकडे बघत होती. पुढच्याच खुर्चीवर तिची आई बसली होती, इरकली लुगडं नेसून. मला वाटलं, ही आता वर चढणार, आणि तिला कोणत्या तोंडाने अडवायचं. ती चढली नाही. मंडपाच्या पायऱ्यांखाली, चपला काढतात तिथे, तिने पदर खोचून फतकल मारली आणि म्हणाली, "बसा, दादा. पेटी हितंच मांडा."

त्यांनी मांडली. गोष्ट सुरू झाली. मंडळाने माईक बंद केला. काही बायका उठून खाली आल्या, बाकीच्या वरूनच माना वाकवून ऐकू लागल्या. आई खुर्चीवर होती. ती उठायला गेली तेव्हा मुलाने खांद्यावर हात ठेवला. "आये, बस."

शेवटची हाक आली. कुडपणचीने ती आईकडे तोंड करून मारली. आणि क्लार्कभाऊंनी पेटीवरचा हात उचलला. ती जागा त्यांनी आईसाठी सोडली होती. सगळ्यांना ते कळलं. आईलाही कळलं, मी तिचं तोंड बघत होते. ओठ हलले. मुलाचा हात खांद्यावर तसाच होता. तिने मान खाली घातली.

मग क्लार्कभाऊंनी तो सूर वाजवला, नेहमीपेक्षा आखूड.

परतताना टेम्पोत कुडपणची रडली नाही. एवढंच म्हणाली, "तोंड तर तिचंच हाय ना, बाई? का तेबी पोराला इचारून उघडायचं?"

त्यानंतरही आम्ही कार्यक्रम करत राहिलो, पण तिने शेवट बदलला. मुलगी कड्यावर येते, खाली बघते, आणि हाक न मारता म्हशी घेऊन घरी जाते. पेटीला तिथे काही काम उरलं नाही. मी तिला विनवलं, भांडले, पहिला शेवट परत घे म्हटलं. "खोटं कशाला सांगू, बाई," म्हणाली. शाल-श्रीफळ देऊ करणाऱ्या त्या माणसाने आमच्या गोष्टीतली एवढी एक ओ घेतली ती घेतलीच.