मेसच्या नळाची धार

साहेबरावांना वाहता नळ बघवत नसे. मस्कतजवळच्या ज्या कॅम्पात आम्ही राहायचो तिथं नळाला दिवसभर पाणी असायचं, आणि हेच त्यांचं दुखणं होतं. ते पाइप फिटर, मी स्टोअरकीपर. ते औरंगाबादेतल्या चिकलठाण्याचे, मी तिथल्याच उस्मानपुऱ्याचा. परदेशात एवढं अंतर म्हणजे सख्खे शेजारीच. सकाळी उठून ते आधी सगळ्या मोऱ्या फिरायचे, गळके नळ आवळायचे आणि मग दात घासायचे. त्यांच्या खाटेखाली भरलेली बादली कायम असायची. तिला कोणी हात लावला तर ते बोलत नसत, नुसते बघत. तेवढं पुरायचं.

इकडं मराठवाड्यात दुष्काळाची वर्षं चालू होती. तेव्हाचं औरंगाबाद मात्र जालना रोडनं वाढतच होतं. घरं आधी आली, पाणी मागून येणार होतं. साहेबरावांनीही चिकलठाण्याच्या नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं, गच्चीवर मोठी काळी टाकी बसवली. टाकीत पाणी नव्हतं. त्यांची बायको पारूबाई हंडे घेऊन टँकरमागं धावायची आणि त्याचा सगळा वृत्तांत फोनवर नवऱ्याला द्यायची.

आमच्या मेसचा स्वयंपाकी कुंजुमोन केरळचा. त्याच्या घरामागंच नदी. तांदळाचं पातेलं नळाखाली ठेवायचं, नळ सोडायचा आणि गप्पा मारायला निघून जायचं, ही त्याची तांदूळ धुण्याची रीत. साहेबराव येऊन नळ बंद करायचे. तो परत सोडायचा. हा संसार काही वर्षं सुरळीत चालला. मग एका संध्याकाळी साहेबराव सगळ्यांदेखत त्याला म्हणाले की तू तांदळावर ओततोस तेवढ्या पाण्यात माझं घर दोन दिवस काढतं. कुंजुमोन म्हणाला, मग बायकोलाच आण इकडं पाणी भरायला. सगळे हसले. साहेबराव ताटावरून उठले. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तो वाढायचा, हे जेवायचे.

त्याच आठवड्यात मेसच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. कुंजुमोननं तिथल्या पाणीखात्याला मल्याळममध्ये बरंच काही ऐकवलं. ओट्याखालचा कॉक कोणी आवळला ते मला ठाऊक होतं, कारण पाना माझ्या स्टोअरमधून गेला होता. पण दुसऱ्यांच्या भांडणात पडायचा मला भारी कंटाळा.

मग पारूबाईचा फोन आला. "घर तुमच्या कमाईनं झालं, लई चांगलं झालं," ती म्हणाली. "आता पाणी भरायला माणूस लागतंय. या." साहेबरावांनी नोकरी सोडली.

आमच्या कॅम्पात कायमचं घरी जाणाऱ्याची पेटी सगळे मिळून बांधत. पुठ्ठ्याचा खोका, त्यावर दोरी, आणि शेवटची गाठ आवळताना प्रत्येकानं तिच्यावर एक बोट ठेवायचं. ज्याचं बोट लागायचं राहिलं त्याच्यावरचा राग पेटीबरोबर घरी जातो, असं मानत. ही रीत कोणी काढली कोण जाणे, पण नेपाळी, पठाण, तमिळ सगळे ती पाळायचे. साहेबरावांनी बाबासाहेबांचा फोटो लुंगीत गुंडाळून सर्वांत वर ठेवला. खोका मिटला, दोरी फिरली, बोटं जमली. कुंजुमोन आला नाही. त्याला बोलवायला गेलेला टेकबहादुर एकटाच परत आला आणि म्हणाला, त्याला भात लावायचा आहे.

"गाठ राहू द्या ढिली," साहेबराव म्हणाले.

विमानतळाची गाडी फाटकाशी उभी होती. विमान तुमच्या गाठीसाठी थांबणार नाही, असं मी जरा चिडूनच बोललो.

"राग घरी नेऊन काय करू, राजाभाऊ? तिथं ठेवायला जागा नाय. सगळीकडं हंडेच हायेत."

खोका खांद्यावर घेऊन ते मेसकडं निघाले. मीही मागोमाग गेलो. कुंजुमोन पाठमोरा उभा राहून बारीक धारेखाली तांदूळ धूत होता. साहेबरावांनी खोका ओट्यावर ठेवला आणि पँटच्या खिशातून पाना काढला. तो स्टोअरमध्ये कधी परत आलाच नव्हता हे मला तेव्हा कळलं. ते ओट्याखाली वाकले, कॉक मोकळा केला. नळ असा काही सुटला की तांदूळ पातेल्याबाहेर उडाले. कुंजुमोननं नळाकडं पाहिलं, मग पान्याकडं, मग साहेबरावांकडं. पाणीखात्याला दिलेल्या सगळ्या शिव्या त्याला एकदम आठवल्या असाव्यात.

"चलने दे," साहेबराव म्हणाले. "आज मैं कुछ नहीं बोलता."

बोलले नाहीत हे खरं. थोडा वेळ ते त्या पाण्याकडं बघत उभे राहिले. मग त्यांना राहवेना, त्यांनी कोपऱ्यातली बादली ओढून धारेखाली सरकवली.

कुंजुमोननं ओलं बोट गाठीवर ठेवलं. साहेबरावांनी गाठ आवळली. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि मलाही. मिठ्या वगैरे कोणी मारल्या नाहीत. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मी चहाला मेसमध्ये गेलो तर कुंजुमोन तांदूळ धूत होता आणि धार करंगळीएवढी होती. मी ओट्याखाली वाकून पाहिलं. कॉक पुन्हा आवळलेला होता आणि पाना शेजारीच पडला होता. कोणी आवळला, म्हणून मी विचारलं.

कुंजुमोन तांदूळ चोळत राहिला. "उधर उसका बीवी लाइन में खड़ा है," तो म्हणाला.

पाना मी तिथंच राहू दिला.