पलंगाच्या पोटातलं पाणी

“अंकलजी, पैर ऊपर!”

ही तिची हाक. ओला पोछा घेऊन वाकूनच आत यायची आणि समोर कोण बसलंय ते न बघता हुकूम सोडायची. एकदा माझे व्याही सोफ्यावर बसले होते, मोठे साहेब माणूस. त्यांनाही पाय वर घ्यायला लावले. बिचारे चहाचा कप सांभाळत मांडी घालून बसले. फरीदाबादेत घरोघरी अशा बायका कामाला येतात, तुम्हीही पाहिल्या असतील. पण इतकी तोंडाळ मी दुसरी पाहिली नाही. मीही फटकळ. चौथी शिकलेला, जन्म लेथ मशीनवर गेला. त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

माझ्या बायकोशी मात्र तिचं गूळपीठ. बायको मराठीत बोलायची, ही बंगाली वळणाच्या हिंदीत उत्तर द्यायची. अकरा वर्षं दोघींचं काही अडलं नाही. मला पन्नास वर्षांत बायकोचं निम्मं बोलणं कळलं नव्हतं.

बायको पावसाळ्यात गेली. थंडीत मुलानं मला चार दिवस गुरुग्रामला नेलं. परत आलो तर दाराखालून पाणी जिन्यावर उतरत होतं. सिंकखालचा पाईप फुटला होता. घरभर घोटाभर पाणी, त्यात माझ्या चपला तरंगत होत्या.

तिला बोलावलं. तिनं पदर खोचला, वायपर घेतला आणि दोन दिवस पाणी ओढत राहिली. गाद्या गच्चीवर, कपाटांची दारं उघडी, पंखे भिंतीकडे तोंड करून. जानेवारीत इथे ऊन कसलं, नुसतं धुकं. रोज आली की ती भिंतीला गाल लावून बघायची. “अभी कच्ची है,” म्हणायची.

मग ती माझ्या पलंगाकडे वळली. पेटीचा पलंग, फळी उचलली की आत सामान.

“इसे खोलो, अंकलजी. पानी अंदर बैठा है.”

“हाथ नहीं लगाना.”

तिला कारण सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. आत बायकोनं शिवलेल्या सहा गोधड्या होत्या. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं त्या घड्या घालून आत ठेवल्या होत्या. तिचं घरातलं शेवटचं काम ते. तिच्या हातची घडी मला मोडायची नव्हती. म्हातारपणी माणूस गाढव होतो, दुसरं काय.

ती रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायचो. आठव्या दिवशी ती बोलली, “आंटीजी होतीं तो डंडा लेकर खुलवातीं!”

माझं डोकं फिरलं. “आंटी का नाम मत ले. कल से आना मत.”

तिनं वायपर भिंतीला टेकवला आणि गेली.

तीन आठवड्यांत प्लाय फुगला. मी झोपायचो त्याच पलंगातून वास यायला लागला. फळी उचलायला गेलो तर हलेना. मग गेलो तिच्या खोलीवर. माफीबिफी मला मागता येत नाही. “पलंग नहीं खुल रहा,” एवढंच बोललो. तिनं चपला घातल्या आणि निघाली.

दोघांनी सळई घालून फळी उचकटली. खालच्या पाच गोधड्या काळ्या पडल्या होत्या. लाल लुगड्याचा रंग पांढऱ्यात उतरला होता. उचलायला जावं तर चिंधी हातात यायची. सगळ्यात वरची तेवढी दमट, पण शाबूत.

मी रडलो. “उसके हाथ की तह थी,” म्हणालो. “इसलिए नहीं खोला.”

ती खालीच बसली.

“अंकलजी, तह तो मैंने लगाई थी. आप दवा लाने गए थे. आंटीजी के हाथ में ताकत कहाँ थी? कुर्सी पर बैठके बोलती रहीं, कोपरा से कोपरा मिला.”

कोपरा हा शब्द बायकोचा. म्हणजे खोटं नव्हतं.

बायकोचा हात होता तो टाक्यांत. ते टाके मी कुजवले, आणि राखली काय, तर हिनं घातलेली घडी.

“एक बार बोल देते,” ती म्हणाली. तेही हळू. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या पाच गोधड्या, चिंध्या झाल्या तरी, तिनं गच्चीवर तीन-तीनदा धुतल्या. वास गेला नाही. शेवटी तिनंच त्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. मला खाली येऊ दिलं नाही.

उन्हाळ्यात तिचे गुडघे गेले. मुलगी येऊन तिला गावी घेऊन गेली. फोन लावतो, लागत नाही.

जायच्या आधी तिनं मला उरलेल्या गोधडीची घडी घालायला शिकवलं. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. माझी बाजू दरवेळी तिरकी. “खींचो मत, चलके मेरे पास आओ,” ती म्हणायची. चौथ्यांदा जमलं.

आता ती गोधडी मी रोज पांघरतो. सकाळी दोन टोकं धरून उभा राहतो. बाकीची दोन जमिनीवर लोळतात.