धुतलेली खोली

अंबडला आमच्या घरमालकाची एक सवय होती. भाडेकरू गेला की तो उंबऱ्यात थांबून आधी वास घ्यायचा. मग चपलेच्या टोकानं कोपरे उकरत मला, शेजारच्या भाडेकरूला, हाक मारायचा. "बघा साहेब, भिंतीला काजळी, कोपऱ्यात पिचकाऱ्या. मानसं व्हते का जनावरं?" शिव्या देत देत स्वतःच झाडू मारायचा. संध्याकाळी खोलीत नवं बिऱ्हाड.

पलीकडचे मास्तर बदलीवर निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोनं खोली आरशासारखी करून ठेवली. पण बैलगाडीत सामान चढवताना चादर सरकली आणि मालकाला बुद्धाची तसबीर दिसली. त्या दिवशी शिव्या नव्हत्या. गडी लावून त्यानं खोली दोनदा धुतली, वर गोमूत्र शिंपडलं.

"खोली तर साफच होती की," मी म्हणालो.

"साफ व्हती हो." तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, तुमचं गाव कोनतं म्हनले व्हते?"

"हसनाबाद." गावावरून काय, आडनावावरूनही त्याला माझा अंदाज येत नव्हता.

पुढं माझीही बदली झाली. आमची बुद्धाची तसबीर मी गादीच्या वळकटीत गुंडाळली. बायकोनं झाडू उचलला, तो मी काढून घेतला.

"अहो, आपण काय घाण माणसं आहोत का?"

"आज आहोत."

मालक आला. राख, कागद, चुलीचा काळा कोपरा बघून ओरडला, "तुमी बी सगळ्यांसारखेच निघाले, साहेब!"

आणि झाडू घेऊन कामाला लागला. पाणी काही त्यानं मागवलं नाही.