रिकाम्या डब्यांचं शूटिंग

सिनेमातल्या महागाईवर माझा पूर्वीपासून राग आहे. नव्वदच्या दशकात ओतूरला आमच्या आळीत एकच टीव्ही होता आणि रविवारी आळीतली सगळी माणसं त्याच्यापुढे मांडी घालून बसायची. पडद्यावर नवरा पिशवी हलवत घरी यायचा, बायको भाजीचा भाव ऐकून कपाळावर हात मारायची आणि आम्ही खो खो हसायचो. एकदा एक शहरातली बाई कांद्याचा भाव ऐकून रडायला लागली, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आमच्याकडं ये की, पोतंभर देतो!" खरं तर त्या साली आमच्या भागातला कांदा मातीमोल भावात विकून झाला होता आणि भाव नंतर चढला होता. पण हे कुठल्याच मालिकेत नव्हतं. सिनेमात तर महागाई गाणं सुरू होईपर्यंतच टिकायची. गाणं संपेपर्यंत नायकाचा बंगला झालेला असायचा.

आमच्या घरात महागाई हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. जमीन होती, पण कोरडवाहू, नावापुरती. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावं असलेलं आमचं घर, त्यामुळे कुणाकडे हात पसरायचा नाही हा आईचा दंडक. तेल महागलं की फोडणी लहान व्हायची, डाळ महागली की आमटीत पाणी वाढायचं. मी कॉलेज करून एका मारवाडी शेठच्या कापडदुकानात संध्याकाळी कापडाचे तागे उलगडायला जायचो. आई आणि माझी धाकटी बहीण लोकांच्या कांद्यात खुरपायला जायच्या, पण मुद्दाम लांबच्या शिवारात, म्हणजे आळीत कुणाला दिसायचं नाही.

अशात त्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा आणे गावचा, पठारावरचा, घरचं बरं असलेला. सुपारी फुटली, साखरपुड्याची साडी आली, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरायची ठरली. आई किती वर्षांनी हसली ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मग मुंबईहून शूटिंगवाले आले. महागाईवर टेलिफिल्म करायची होती आणि त्यांना गरिबाचं घर हवं होतं. दुकानात चौकशी करत आले तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो, आमचं बघा. शूटिंग आपल्या घरी होणार या कल्पनेनंच मी हुरळून गेलो होतो. त्यांनी गरिबाचं घर मागितलं आणि मी आमचं दाखवलं, याचा अर्थ त्या वेळी माझ्या डोक्यात शिरला नाही.

आईला पाहुणे येणार एवढंच समजलं. तिनं पहाटे उठून घर सारवलं, शेजारणीकडून पितळी भांडी आणून चिंचेनं घासली, मांडणीवर पत्र्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. दिग्दर्शक आत आला आणि त्याचा चेहरा पडला. "एवढं नीटनेटकं नको होतं हो मावशी," तो म्हणाला. भांडी बाहेर गेली. मग त्यानं डब्यांकडे बोट केलं, "हे जरा रिकामे करून मिळतील का? सीनमध्ये रिकामे लागतात."

"देते की," आई म्हणाली. एकेक डबा उचलून ती आतल्या खोलीत घेऊन गेली. बराच वेळ झाला म्हणून मी मदतीला आत गेलो. आई डबे समोर ठेवून भिंतीला टेकून बसली होती. एकाचंही झाकण तिनं काढलं नव्हतं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "जरा येळ जाऊ दे. एवढं वतायचं म्हंजी येळ लागंलच ना." मी तिच्याशेजारी बसलो. थोड्या वेळानं तिनं पदर खोचला, डबे बाहेर नेऊन ठेवले आणि म्हणाली, "केलं बघा रिकामं."

त्या दिवशी पुण्याहून यायची होती ती नटी आलीच नाही. कुणीतरी बहिणीकडे बघून म्हणालं, हिलाच उभी करू, बोलायचं तर काही नाहीये. तिनं एकामागून एक डबा उघडून बघायचा, आणि मग गळ्यातलं मंगळसूत्र काढून सोनाराच्या पुढ्यात ठेवायचं, एवढंच काम. मंगळसूत्राचं नाव काढताच आई पुढे आली. "न्हाई बाबा. सुपारी फुटलेली पोर हाय. गळ्यात घालायचं न्हाई आन काढायचं तर मुळीच न्हाई."

मी आईला बाजूला घेतलं. "अगं, खोटे मणी आहेत. सगळं खोटं असतं हे," असं काहीबाही सांगून तिला गप्प केलं. बहिणीनं काम झकास केलं. एकच टेक.

चार-पाच महिन्यांनी रविवारी दुपारी फिल्म लागणार असल्याचं कार्ड आलं. मी काय करावं? मी एस्टीनं आण्याला गेलो आणि होणाऱ्या व्याह्यांना सांगून आलो, आमची मुलगी टीव्हीत येणार, नक्की बघा. त्यांनी गूळ-शेंगदाणे दिले, कौतुक केलं, म्हणाले, "सगळ्या गावाला बोलावतो राव." मी परतीच्या एस्टीत उभ्यानं आलो तरी पाय दुखले नाहीत.

रविवारी त्यांच्या गावानं बघितलं, आमच्या आळीनंही बघितलं. आमच्याकडे टाळ्या पडल्या. चौथ्या दिवशी मुलाचे चुलते आले. बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पावणं, राग धरू नका. पोरगी नांदाया यायच्या आदीच गळ्यातलं मोडाया निघाली. आमची म्हातारी दोन दिस जेवली न्हाई. आन घरात दाना न्हाई, हे तुमीच जगाला दावलं. लोक आमाला इचारत्यात, कुठं पोरगं देताय म्हनून."

आता बोलायचं होतं ते मी. अहो, ते शूटिंग होतं, डबे त्यांनीच रिकामे करायला लावले, एवढी दोन वाक्यं. चुलते ज्या जागी बसले होते तिथून मांडणी दोन हातांवर होती. मी तोंड उघडलं आणि मला वाटलं, हा माणूस आता उठेल आणि एक झाकण काढून बघेल. मी तोंड मिटलं. आईनं साखरपुड्याची साडी घडीसकट आणून त्यांच्या हातात दिली. जाताना त्यांनी मला नमस्कार केला, मीही केला.

पुढची सहा वर्षं बहिणीला स्थळ आलं नाही. टीव्हीवर दिसलेली पोरगी, लग्न मोडलेली पोरगी, अशी दोन्ही नावं तिला चिकटली. शेवटी तळेघरकडच्या एका आश्रमशाळेतल्या शिपायाशी तिचं लग्न लावलं. बिजवर, दोन मुलांचा बाप, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा. आई त्या लग्नात जेवली नाही आणि पुढं फार जगलीही नाही.

मला नोकरी लागली. दोन हजार सालानंतर टीव्हीवरची महागाई संपली. मालिकांतल्या घराघरांत जिने आले, बायका शालू नेसून स्वयंपाकघरात भांडू लागल्या. मी ते चवीनं बघायचो, खोटं कशाला सांगू.

एकदा बहिणीकडे गेलो. एस्टी मध्येच सोडते, पुढं भातखाचरांतून तासभर चालायचं. तिनं नाचणीची भाकरी केली, सावत्र मुलांना आधी वाढलं. मुलं उठून गेल्यावर तिनं मला विचारलं, "दादा, तू आण्याला परत का न्हाई गेलास? टीव्ही बघा म्हनून सांगाया गेला व्हतास तसा?"

इतक्या वर्षांत तिनं हा विषय कधी काढला नव्हता. मी म्हणालो, "काय सांगणार होतो जाऊन? डबे खरंच रिकामे होते."

"मला न्हाई का म्हाईत? झाकनं मीच उघडली व्हती." तिनं माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली. "सगळं खोटं असतं म्हनून आईला पटवलंस, दादा. त्यांना बी तेच सांगायचं व्हतं. माझ्यापायी एकडाव खोटं बोलला असतास तर काय गेलं असतं तुझं?"