ट्रॉलीवरचा भिजलेला बोर्ड

खंडेनवमी, सकाळची पाळी. हजर: मी, म्हणजे आयसीयूची इन्चार्ज सिस्टर, बायोमेडिकल इंजिनिअर मॅडम, इलेक्ट्रिशियन भाऊ, वॉर्डातल्या मावशी. आणि कोपऱ्यातल्या बेडवर व्हेंटिलेटर लावलेला पेशंट. चाकणला कंपनीत कामाला, कुरुळीत भाड्यानं राहणारा. त्याचा रक्तदाब एका औषधावर टिकून होता आणि ते औषध ट्रॉलीवरच्या पंपातून जात होतं. पंप थांबला की रक्तदाब कोसळणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या भागात या दिवशी प्रत्येक यंत्राला हार पडतो, मग दवाखान्यातली यंत्रं कशी सुटतील? उदबत्ती नाही, दिवा नाही, फक्त हळदकुंकू आणि फूल, असं मी बजावलं होतं. मावशींनी ते फूल तांब्यात बुडवून ट्रॉलीवर पाणी शिंपडलं. खालच्या फळीवर एक्स्टेंशन बोर्ड बँडेजनं बांधलेला होता, भोकं वर करून; पंपाचा प्लग त्यातच. चर्र झालं.

मी भिंतीवरचं बोर्डाचं बटण बंद केलं. पंप बॅटरीवर गेला आणि लगेच ओरडायला लागला. बॅटरीचं चिन्ह लाल.

मॅडम धावत आल्या. "भिंतीवर जागा?"

"एकात व्हेंटिलेटर, एकात मॉनिटर, एकात हवेची गादी. बोर्डाच्या पॉइंटला जळका वास येतोय, तो नको."

"गादी काढा."

गादीचा प्लग उपसला, पण पंपाची वायर तिथवर पोचेना. मग पंपच ट्रॉलीवरून सोडवून भिंतीजवळच्या सलाइन स्टँडला लावायचा ठरला. तो वरखाली झाला तर औषधाचा एकदम घोट जातो. मी दोन्ही हातांनी तो एका पातळीत धरून सरकले, मॅडमनी नळी सांभाळली. मॉनिटरवरचा आकडा उतरत नव्हता, तरी मी तो पुन्हा पुन्हा वाचत होते. प्लग बसला. ओरडणं थांबलं.

"म्या देवाचंच केलं न्हवं सिस्टर," मावशी रडवेल्या झाल्या.

"देव भिजला तर चालतंय मावशी, बोर्ड न्हाई चालत," भाऊ म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "नवीन बोर्ड आणतो, टेपनं आवळतो. झालं काम."

"आधीचा कुणी आवळला होता?"

"ते बँडेज सिस्टर लोकांचं ओ मॅडम! माझी टेप काळी असती."

मॅडमना हसू आलं नाही. टेप नको, लोखंडी पट्टी आणि स्क्रू. बोर्ड मागच्या दांड्याला उभा, भोकं बाजूला, सलाइनच्या बाटलीखाली अजिबात नाही. वायर हुकाला गुंडाळलेली, चाकाखाली न येणारी. ड्रिल वॉर्डात चालवायचं नाही. भाऊंनी ट्रॉली बाहेर नेली आणि कुरकुरत का होईना, सगळं तसंच केलं. मी बोर्ड धरून जोरात हलवून पाहिला. हलला नाही.

पण करंट गळतो का, हे पाहणारं मीटर आमच्या दुसऱ्या शाखेत. तिथं फोन कुणी उचलेना; तिथंही पूजा. चाचणीशिवाय ट्रॉली पेशंटजवळ जाणार नाही, असं मॅडम म्हणाल्या आणि मला ते पटलं. तोवर पंप गादीच्या पॉइंटवर, गादी बंद. पाठीला जखम होऊ नये म्हणून मावशींनी आणि मी पेशंटला डाव्या कुशीवर वळवलं. दोन तासांनी उजव्या. पुन्हा फोन लावला, नुसताच वाजत राहिला.

चाचणी बाकी.